लेकीच्या गाडीचा पंप

वैद्य हे त्यांचं आडनाव नव्हतं आणि औषधपाण्याशीही त्यांचा काही संबंध नव्हता. ते गाड्या दुरुस्त करत. गाडी आली की बॉनेट उघडायचे, हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग स्क्रूड्रायव्हर चार बोटं सरकवून पुन्हा ऐकायचे आणि मालकाकडे न बघता सांगायचे, व्हॉल्व सैल झालाय, किंवा बेअरिंग गेलंय पण अजून दोन महिने काढेल. ते दोन महिनेच काढायचं. त्यावरून कुणीतरी वैद्य म्हणालं आणि ते चिकटलं. पुढे पुढे पोस्टमनसुद्धा याच नावानं विचारत यायचा.

माझं काम त्यांच्या शेजारी. मी गाड्यांच्या सीटा शिवतो. आमच्या दोन शेडच्या मधे पत्र्याची एकच भिंत, तीही वरून हातभर उघडी. त्यामुळे पंचवीस वर्षं त्यांचं सगळं माझ्या कानावर आणि माझं त्यांच्या. माझ्या मशीनची सुई तुटली की पलीकडून लगेच विचारणा व्हायची, "सीटवाल्या, अठरा नंबरची का रे?" आणि ती अठराचीच असायची.

त्यांना एकच लेक. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव काय असेल ते असो, गल्लीत ती वायसर. लहानपणी एवढीशी होती आणि हातातून निसटून कुठल्या ना कुठल्या गाडीखाली सापडायची, म्हणून बापानं नटाखालच्या चकतीवरून ठेवलेलं नाव. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, पहिलीच्या वर्गाला शिकवायच्या. त्यांची शाळा उशिरा सुटायची, तोवर पोरगी गॅरेजमध्ये. उलट्या खोक्यावर वही ठेवून अभ्यास करायची आणि मधेच बापलेकीचा एक खेळ चालायचा. दोघांनी डोळे मिटायचे आणि वळणावरून येणारी गाडी कुठली ते ओळखायचं. आधी बाप जिंकायचा. ती दहा-अकरा वर्षांची झाली तसा बाप हरायला लागला. मला वाटायचं, मुद्दाम हरत असतील. पुढे एकदा विचारलं तर म्हणाले, नाही रे, तिला माझ्याआधी ऐकू येतं.

ती शिकली आणि बोटीवर इंजिनिअर झाली. कुठल्याशा थंड देशात, दोन बेटांच्या मधे माणसं आणि गाड्या नेणाऱ्या बोटीच्या इंजिनखोलीत. ती गेली त्या दिवशी वैद्यांनी गॅरेज बंद ठेवलं नाही. सकाळी तिला सोडून आले आणि एका ट्रकच्या ब्रेकचं काम घेऊन बसले. दिवसभर पलीकडून आवाज येत होते, पण हाक मात्र एकही आली नाही. तिची निळी जुनी गाडी तेवढी शेडच्या आतल्या कोपऱ्यात राहिली. त्याच गाडीवर ती शिकली होती. दर रविवारी वैद्य ती चालू करायचे आणि पंधरा मिनिटं नुसते शेजारी उभे राहायचे.

चौथ्या वर्षी त्या गाडीचं इंजिन गेलं. रेडिएटर गळून पाणी संपलं, इंजिन तापलं आणि तडकलं. वैद्य शेजारीच उभे होते. पाणी सुटताना फुसफुस होते, ती मला भिंतीपलीकडून ऐकू आली, त्यांच्या मात्र लक्षात आली नाही. मला नवल वाटलं. पण माणूस विचारात असतो, म्हणून मी सोडून दिलं. मग सोडून देण्याची सवयच लागली. माझी सुई तुटली तर पलीकडून विचारणा होईनाशी झाली. गाडी मागे घेताना वाजणारी पिपाणी वाजत असली तरी ते वाटेतून हलेनात. हाक मारली तर वळायचे, पण पत्र्यावर थाप मारावी लागायची. गल्लीतल्या सगळ्यांना कळलं होतं. ज्याचं नावच कानांमुळे पडलं, त्याला जाऊन हे सांगणार कोण? आम्ही सगळे मूग गिळून बसलो.

घरी तर हे कळायचं कारणच नव्हतं. साठ पोरांच्या वर आवाज काढून वहिनींचा गळा असा तयार झाला होता की त्यांनी स्वयंपाकघरात मीठ मागितलं तरी रस्त्यावरच्या माणसानं खिसे चाचपावेत. तो आवाज वैद्यांना व्यवस्थित ऐकू येई. राहता राहिला तो फोन. बोटीवरून तो रविवारी दुपारी चारला यायचा. चेहरा दिसेल इतकी ताकद तिथल्या नेटवर्कला नसे, नुसता आवाज यायचा आणि तोही तुटत. आधी आई बोलायची, मग फोन बापाकडे. वैद्य म्हणायचे, "हो. बरं. बरं बरं. जप स्वतःला." तेवढंच. वहिनींना वाटायचं, पुरुषमाणूस, फोनवर किती बोलणार.

अशाच एका रविवारच्या दुसऱ्या दिवशी वैद्य सकाळी माझ्याकडे आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेलं तेज होतं. म्हणाले, "येतेय पोरगी. तीन महिन्यांनी. गाडी तयार पाहिजे."

तडकलेलं इंजिन दुरुस्त होण्यातलं नव्हतं. तसलं जुनं इंजिन धड मिळणंही कठीण झालं होतं. वैद्यांनी अपघातात मागून चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन आणलं. पुढची बाजू शाबूत, इंजिन तर जेमतेम वापरलेलं. ते निळ्या गाडीत बसवायला इंजिनाखालचे आधार बदलावे लागले, तारा नव्यानं ओढाव्या लागल्या. गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर उन्हात तिष्ठत राहिल्या आणि वैद्य आतल्या कोपऱ्यात. महिन्याभरात इंजिन जागेवर बसलं. अडलं ते पंपापाशी.

जुन्या इंजिनाचा पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. इंजिन फिरेल तसा तो टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो, बाळाला चमच्यानं पाजावं तसं. नव्या इंजिनाला ते पुरत नाही. त्याला फवारा लागतो, त्यामागे दहापट जोर लागतो, आणि तो जोर विजेवर चालणारा पंपच देतो. नव्या गाडीचा पंप तिच्या टाकीच्या पोटात बुडालेला होता. निळ्या गाडीच्या टाकीचं तोंड लहान, त्यातून तो आत जाईना. टाकी कापून तोंड मोठं करायला वैद्य तयार होईनात. पेट्रोलच्या टाकीजवळ जाळ नेणाऱ्यांतले ते नव्हते. तेव्हा पंप टाकीच्या बाहेर बसवायचा असं ठरलं.

मी घरी बायकोला सांगितलं, वैद्य पंप घ्यायला निघालेत, उद्या मीही जातोय. ती म्हणाली, या वयात गॅरेज सोडून पेट्रोलपंप घ्यायला निघाले? तिला समजावण्यात माझं जेवण निवलं.

स्पेअरपार्टवाल्यानं काउंटरवर तीन पंप मांडले. एक चौकोनी, टकटक करणारा, कार्बोरेटरच्या गाड्यांचा. तो वैद्यांनी बघितलाही नाही. एक चकचकीत, दंडाएवढा, शर्यतीच्या गाड्यांचा. तिसरा साधा, बॅटरीच्या लहान टॉर्चएवढा. दुकानदार मोठ्याच्या मागे लागला, आता घेताय तर दणकट घ्या म्हणाला. वैद्यांनी त्याला शांतपणे सांगितलं की इंजिनाला लागतं त्याच्या दुप्पट पेट्रोल ढकललं तर उरलेलं परतीच्या पाईपमधून टाकीतच येणार, येताना उष्णता घेऊन येणार, आणि उन्हाळ्यात टाकी तापून बसणार. दणकट पंप घ्यायचा नसतो, पुरता घ्यायचा असतो. त्यांनी तिसरा उचलला. त्यांचं चुकलं ते पंप निवडण्यात नाही, तो बसवण्यात.

तो त्यांनी डिकीत बसवला, आतल्या बाजूच्या भिंतीवर, टाकीच्या वर वीतभर उंचीवर. मी विचारलं, असले पंप खाली टाकीजवळ असतात ना? वैद्य म्हणाले, खाली दगड लागतात, चिखल लागतो. "आणि रस्त्यात कधी बदलायची वेळ आली तर तिनं काय गाडीखाली लोळायचं? इथे नुसती डिकी उघडली की झालं." शिवाय टाकी जुनी, आत गंज असणार, म्हणून त्यांनी मिळेल तो सगळ्यात बारीक जाळीचा फिल्टर आणून पंपाच्या आधी लावला. पंपाला कणसुद्धा लागू नये. पोरीला शाळेत पाठवताना दोन स्वेटर घालणारा माणूस तो, पंपालाही तसाच जपला.

टाकी काठोकाठ भरून गाडी चालू केली. एका झटक्यात चालू झाली. आणि त्याच क्षणी मला ती शिट्टी ऐकू आली. डिकीतून येणारी, बारीक, चिरकी, डास माईकवर बसावा तशी. वैद्य पंपावर तळवा ठेवून उभे होते. म्हणाले, "बघ, कसा एकसारखा थरथरतोय. जिवंत आहे." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. शिट्टी त्यांना ऐकूच येत नव्हती. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, छान आहे.

दोन दिवस गाडी छान चालली. टाकीतलं पेट्रोल निम्मं झालं तशी ती गल्लीपुढच्या पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर दम सोडायला लागली. आधी हिसके, मग बंद. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा अर्ध्या चढावर बंद. वैद्यांनी प्लग बदलले, रिले बदलला, तारा तपासल्या, फवाऱ्याच्या नळ्या काढून धुतल्या. रोज एक वस्तू बदलायचे, रोज चढापर्यंत जायचे आणि रोज ढकलत परत यायचे. ढकलायला मी असायचो. शिट्टी दिवसेंदिवस वाढत होती. कोपऱ्यावरचा चहावाला मला खुणेनं विचारायचा, हे काय? मी खांदे उडवायचो. आज सांगू, उद्या सांगू करत दीड महिना उलटला.

मग एका रविवारी वैद्यांनी वहिनींना गॅरेजवर आणलं. फोन चारला यायचा होता, आणि त्यांना पोरीला नवं इंजिन ऐकवायचं होतं. वहिनी बऱ्याच दिवसांनी आल्या होत्या. मी शिवलेल्या नव्या सीटवर हात फिरवून म्हणाल्या, रंग तिच्या आवडीचा आहे. फोन आला. त्यांनी तो मोठ्या आवाजावर टाकला आणि वैद्यांनी गाडी चालू केली.

पलीकडे काही वेळ नुसती खरखर होती. मग वायसर म्हणाली, "इंजिन छान आहे बाबा. पण ती शिट्टी कसली?"

वैद्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी त्यांच्या आवाजात ते पुन्हा सांगितलं. "ती विचारतेय, शिट्टी कसली?"

"शिट्टी कुठे आहे?" वैद्य म्हणाले.

वहिनी डिकीकडे बघत होत्या. मी जमिनीकडे.

"मागून येतेय," पोरगी म्हणाली. "पंप उपाशी आहे बाबा. त्याला पेट्रोल मिळत नाहीये. इतक्या मोठ्यानं ओरडतोय आणि तुम्हाला..." ती थांबली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आई, बाबांना ऐकू येत नाही का?"

वहिनींनी हे मात्र त्यांना पुन्हा सांगितलं नाही. वैद्यांनी गाडी बंद केली. त्यांना वाटलं, बोलणं संपलं. हसून फोनकडे वाकले आणि म्हणाले, "असू दे शिट्टी. दोन आठवड्यांनी येतेच आहेस, तूच बघ काय ते."

वहिनींनी नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. म्हणाल्या, "अहो, दोन आठवड्यांनी नाही. तिनं तुम्हाला सांगितलं होतं ना. आणखी तीन वर्षं थांबतेय ती तिकडे. तुम्ही चालेल म्हणालात."

आता सगळं जुळलं. अडीच महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी पोरीनं बापाला विचारलं होतं, कंपनी तीन वर्षं थांब म्हणतेय, मी हो म्हणू का? त्यातलं वैद्यांच्या कानाला लागलं ते फक्त 'तीन'. बाकीचं त्यांच्या मनानं भरून घेतलं. ते म्हणाले, चालेल, चालेल, फार चांगलं झालं. बापानं इतक्या सहज हो म्हटलं म्हणून पोरीनं सही केली. आणि वहिनींना वाटत राहिलं की दुःख गिळायला हा माणूस गाडीत डोकं घालून बसलाय, तर कशाला बोलून त्रास द्या. घरात तो विषय दोघांनीही काढला नाही. वैद्यांना वाटलं, येणं ठरलंच आहे. वहिनींना वाटलं, जखम ओली आहे.

वैद्यांनी चिंधीनं हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. मग माझ्याकडे वळले. "तुला ऐकू येत होती ती शिट्टी?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली आणि वहिनींना घेऊन घरी गेले.

त्यानंतर अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. गॅरेज उघडायचे, कामं करायचे, पण पत्र्याच्या पलीकडे कुणी नाहीच असं वागायचे. मला माझ्या मशीनचा आवाज नकोसा झाला. निळ्या गाडीवर त्यांनी ताडपत्री टाकली होती. मला वाटलं, आता ही गाडी भंगारात जाणार आणि हा माणूस माझ्याशी जन्मात बोलणार नाही, आणि दोन्हीत माझा हात आहे.

बाराव्या दिवशी सकाळी ते आले आणि माझ्या मशीनच्या फळीवर एक कागद ठेवला. वायसरनं फोनवर लिहून पाठवलेलं वहिनींनी शाळेतल्या अक्षरात उतरवून दिलं होतं. असले पंप ढकलण्यात वाघ असतात, पण ओढण्यात शेळी, असं तिनं लिहिलं होतं. पंप टाकीच्या तळापेक्षा खाली हवा, टाकीच्या जवळ हवा, म्हणजे पेट्रोल आपलं आपण उतरून त्याच्या तोंडाशी येतं. पंपाच्या आधी मोठ्या भोकांची जाळी हवी, बारीक फिल्टर पंपाच्या पुढे. तुम्ही त्याला उंचावर बसवून तोंडाला फडकं बांधलंत बाबा. तो गुदमरला. आता तो आतून झिजला असणार, नवा घ्या, आणि घेताना आत येणारी नळी अंगठ्याएवढी असेल तो घ्या. खाली शेवटी लिहिलं होतं, हे सगळं तुम्हीच मला शिकवलंय.

"चल," वैद्य म्हणाले. "पंप मी घेईन. पण बसवल्यावर तुझे कान लागतील."

मी मशीन तसंच सोडून उठलो.

या वेळी दुकानदारानं काही मागे लागायच्या आत वैद्यांनी स्वतःच सांगितलं, जोर तेवढाच, पण तोंड मोठं. दोन पंप निघाले. एकाची नळी करंगळीएवढी होती, तो बाजूला केला. दुसरा घेतला, जोर सोसणारा फवाऱ्याच्या इंजिनाचा पाईप घेतला, कारण साधा रबरी पाईप त्या दाबाला फुगून फुटतो. पत्र्याला थरथर लागू नये म्हणून रबराचे चार बुश घेतले.

काम त्यांनी दोन दिवस केलं. बॅटरीची तार सोडवली, टाकी रिकामी केली, उतरवून आतून धुतली, दिवसभर उन्हात वाळवली. गाडी जॅकवर घेऊन खाली ठोकळे लावले आणि टाकीच्या मागे, आडव्या पट्टीच्या आडोशाला, तळापेक्षा चार बोटं खाली पंप टांगला. पट्टीमुळे दगड लागणार नव्हते. गाडीखाली लोळताना ते मधेच थांबले. मी वाकून बघितलं तर ते जुना पंप छातीवर धरून वर टाकीकडे बघत पडले होते. म्हणाले, "तिला खाली लोळायची कधी लाज नव्हती. मलाच नको होतं." मग पाना मागितला.

गाडी चालू करायच्या वेळी वहिनीही आल्या. मी आणि त्या मागे वाकून उभे. वैद्य पुढे किल्लीवर हात ठेवून आमच्या तोंडाकडे बघत होते, निकालाच्या दिवशी पोरं बाईंच्या तोंडाकडे बघतात तसे. किल्ली फिरली. खालून मऊ घुंई आली, पंखा दुसऱ्या खोलीत चालू असावा इतकी. मी मान हलवली. वहिनींनी त्यांच्या वर्गाच्या आवाजात जाहीर केलं, "पास." गल्लीतल्या तीन दुकानांतून लोक बाहेर आले. त्या संध्याकाळी निम्म्या टाकीवर निळी गाडी पाण्याच्या टाकीचा चढ न थांबता चढली, आणि मला दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्यात बसून वरपर्यंत जाता आलं.

गाडी झाली, पण वैद्यांचं झालं नाही. वहिनी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. जाड, खालचे आवाज बऱ्यापैकी शाबूत होते, वरचे, बारीक आवाज गेले होते. आयुष्यभराची हातोडी आणि ग्राइंडर, दुसरं काय. बायकामुलांचे आवाज आधी हरवतात, असं डॉक्टरनं सांगितलं. वैद्यांनी विचारलं, हे किती वर्षांपासून असेल? पाच-सहा तरी, डॉक्टर म्हणाले. म्हणजे ती घरात होती तेव्हाच सुरुवात झाली होती. वैद्य मला हे सांगताना बोटं मोजत होते. जायच्या आधीच्या वर्षात ती जे काही बोलली, त्यातलं आपल्यापर्यंत किती पोचलं, याचा हिशोब ते कितीतरी दिवस करत होते.

कानातलं यंत्र आलं. नट खाली पडला तर कुठे गेला ते त्यांना पुन्हा कळायला लागलं. माझी सुई तुटली तेव्हा पलीकडून दबकत विचारणा झाली, "तुटली ना?" नंबर मात्र सांगितला नाही. पोरीचा फोन ते आता कानाला न लावता यंत्रातूनच घ्यायचे आणि शब्द न् शब्द कळायचा. मी विचारलं, आता ठीक ना? त्यांनी कानातलं यंत्र बोटानं चाचपलं. मग म्हणाले, "शब्द सगळे येतात रे. ती येत नाही. डब्यात तोंड घालून कुणीतरी तिचं बोलणं वाचून दाखवतंय असं वाटतं. तिचा खरा आवाज मला आठवतो, तो त्यात शोधत बसतो, तेवढ्यात फोन संपतो."

परत ये, असं तिला त्यांनी वहिनींनाही म्हणू दिलं नाही. पोरीनंच एकदा विचारलं होतं, बाबा, सही मोडून येऊ का? वैद्यांनी या वेळी नीट ऐकलं, दोनदा विचारून घेतलं आणि नाही म्हणाले. ते नाही म्हणाले तेव्हा मी पत्र्याच्या अलीकडे होतो. फोन ठेवल्यावर किती तरी वेळ ते एकच नट घट्ट करत होते.

दीड वर्षानं ती आली, बारा दिवसांसाठी. खांदे रुंद झाले होते, केस कापलेले. मला "काका" म्हणून हाक मारली आणि आल्या आल्या कपड्यांची पर्वा न करता गाडीखाली गेली. पंप बघून बाहेर आली आणि बापाच्या पाठीवर थाप मारली. बारा दिवस ती गाडी चालवत होती आणि वैद्य शेजारच्या सीटवर. कुठे जात होते कोण जाणे. सामान आणायला म्हणून निघायचे आणि सामान विसरून यायचे. एकदा मी मागे बसलो होतो. चढावर वैद्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं आणि तिच्याकडे वळून बसले. ती कुठल्याशा वादळाची गोष्ट सांगत होती. त्यांना त्यातलं फारसं कळत नसणार. ते तिच्या गळ्याकडे, हलणाऱ्या ओठांकडे बघत होते. तिनं ओळखलं, पण थांबली नाही, उलट हळू आणि लांबवून सांगत राहिली.

तेराव्या दिवशी ती गेली. तिला सोडायला गाडी वैद्यांनीच चालवली. येताना वहिनी पुढे तिच्या रिकाम्या जागी बसल्या आणि मी मागे. रस्ताभर वैद्यांनी एवढंच विचारलं, तिच्या बॅगेचं चाक करकरत होतं का? वहिनी म्हणाल्या, हो. तेलाचा थेंब टाकायला हवा होता, वैद्य म्हणाले.

गाडी विकायची असं ती जाताना सुचवून गेली होती. उभी राहिली तर पेट्रोल शिळं होईल, पंप अडकेल, त्यापेक्षा कुणी चालवलेली बरी. तिचं खरं होतं. वैद्यांनी विकली नाही, पण उभीही ठेवली नाही. रविवारी फोन झाला की दोघं नवराबायको तिच्यात बसून निघतात. वहिनी आता निवृत्त झाल्या, त्यामुळे घाई कुणालाच नसते. कुठे जाता विचारलं तर वैद्य सांगतात, पंप फिरता ठेवायला. चढावरून वर गेलं की एक सपाट जागा आहे, तिथे गाडी चालूच ठेवून काचा खाली करतात. वैद्य विचारतात, कसा आहे आवाज? वहिनी सांगतात, चांगला आहे. थोड्या वेळानं ते पुन्हा विचारतात आणि त्या पुन्हा सांगतात.

तिनं आणखी दोन वर्षांची सही केली आहे. तिकडे कुणीतरी भेटलाय, बोटीवरचाच, असं वहिनींनी मला सांगितलं. वैद्यांना हे माहीत आहे का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तिनं स्वतःच सांगितलं, सावकाश, तीनदा. ऐकून ते काय म्हणाले? वहिनी जराशा हसल्या. म्हणाल्या, आधी तो कुठली गाडी चालवतो ते विचारलं, आणि मग उठून अंगणात जाऊन उभे राहिले.